लय कोण देतंय, सम कोण देतंय: स्टेजवर सिंथ आणि सीक्वेन्सर जोडताना

सोलापूरच्याच एका मुलाचा प्रश्न आहे, अशोक चौकाकडचा. थोडक्यात असा: "माझ्याकडे रोलँडचं टीआर-८एस ड्रम मशीन, आर्टुरियाचा कीस्टेप (स्वतःचा आवाज नसलेला, दुसऱ्या मशिनांना स्वर पाठवणारा कीबोर्ड), कोर्गचा व्होल्का बास (छोटा बास सिंथ, म्हणजे विजेवर स्वर तयार करणारं वाद्य) आणि काकांचा जुना कीबोर्ड आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला चाळीस मिनिटं लॅपटॉपशिवाय लाइव्ह वाजवायचंय. दोन गाण्यांना मैत्रीण गाणार आहे. मधूनच एखादं मशीन मागे पडतं आणि मिक्सरला जोडलं की घूं आवाज येतो. एक चांगला सीक्वेन्सर घेतला तर सुटेल का? कोणता घेऊ? आमच्या घरी पूर्वी जेकार्डचे माग होते, त्यामुळे मशीनची भीती नाही."

सीक्वेन्सर, म्हणजे भरून ठेवलेले ठोके आणि स्वर ठरल्या क्रमाने आपोआप वाजवणारं यंत्र, घेऊ नका. निदान या गॅदरिंगआधी तरी नको. तुमच्याकडे आत्ताच तीन आहेत: एक टीआर-८एसमध्ये, एक कीस्टेपमध्ये, एक व्होल्कामध्ये. चौथा आणलात तर घरात चौथा कारभारी येईल, आणि प्रश्न वाचून मला तरी वाटतंय की तुमचं दुखणं कारभारी जास्त झाल्याचंच आहे. कुणी कुणाचं ऐकायचं हे ठरलेलं नाही. घूं आवाज हा दुसरा आजार, पण दोन्ही बहुतेक एकाच वायरीतून आलेत. पुढे सांगतो.

आधी एक कबुली देतो. मांडणीचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद नाट्यगृहात वाजवणं वेगळं, गणपतीत मांडवात जनरेटरवर वाजवणं वेगळं आणि मिरवणुकीत ट्रॉलीवर उभं राहून वाजवणं तर त्याहून वेगळं. सोबत गाणारं माणूस असेल तर हिशेब बदलतो. मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड वाजवला, आणि आता वीस मिनिटांत मांडून होईल, हुतात्मा एक्सप्रेसमध्ये सीटखाली मावेल एवढंच सामान नेतो. ज्याच्याकडे टेम्पो आणि उचलायला दोन पोरं आहेत, त्याने माझं ऐकलंच पाहिजे असं नाही.

जेकार्डचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. मागावर कार्डांची माळ फिरते. जिथे भोक तिथला ताणा उचलला जातो, भोक नाही तिथला खालीच राहतो. सोळा खान्यांची ओळ म्हणजे तेच कार्ड: दिवा लागलेला खाना वाजतो, विझलेला गप्प बसतो. आता एका चादरीवर दोन माळा चालवल्या आणि त्यातली एक माळ एका कार्डाने मागे राहिली असं समजा. दोन्ही माळा फिरतायत सारख्याच वेगाने, पण फुलाच्या पाकळ्या देठापासून सरकलेल्या. तुमचं मशीन "मागे पडतं" म्हणता ना, ते बहुतेक वेळा हे असतं. वेग चुकलेला नसतो, जागा चुकलेली असते.

आपल्याकडच्या भाषेत लय बरोबर, सम चुकली.

हे नीट कळायला जरा मागे जावं लागेल. १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलँडचं टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ बास मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. मिडी, म्हणजे वाद्यांनी वायरीतून एकमेकांना निरोप पाठवायची ठरलेली पद्धत, तेव्हा यायची होती, ती १९८३ ची. ८०८ आणि ३०३ एकमेकांना जोडायला रोलँडची पाच पिनांची सिंक वायर होती. दिसायला आजच्या मिडी वायरीसारखीच, पण आत एका पिनेवर लयीचे ठोके आणि दुसऱ्या पिनेवर 'चालू की बंद' एवढंच जायचं. मला ही रचना फार आवडते, कारण लय आणि सम तिथे अक्षरशः दोन वेगळ्या तारांवर होत्या. मिडीत दोन्ही एकाच तारेतून जातात, पण निरोप अजून वेगळेच आहेत. क्लॉक नावाचा निरोप एका ठोक्याला २४ वेळा जातो, ती लय. स्टार्ट नावाचा निरोप एकदाच जातो, ती सम. स्टार्ट मिळाल्यावर मशीन पहिल्या खान्यावर येतं आणि तिथून क्लॉकच्या टिचक्या मोजत पुढे सरकतं. आपण कितव्या खान्यावर आहोत हे त्यानंतर त्याला कुणी सांगत नाही. ते स्वतःच मोजत असतं.

१२० च्या टेम्पोला एक टिचकी साधारण २०.८ मिलिसेकंदांची. सहा टिचक्यांचा एक खाना, म्हणजे १२५ मिलिसेकंद. गाणं चालू असताना कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि तीन टिचक्या गळाल्या, तर ते मशीन अर्धा खाना मागे राहणार, साडेबासष्ट मिलिसेकंद. कानाला ते सरळसरळ लंगडं ऐकू येतं. मग आपण घाबरून टेम्पोचं बटण फिरवायला लागतो. त्याने काहीच होत नाही. दोघं मिळून जलद होतात, दोघं मिळून संथ होतात, मधली फट तशीच राहते. औषध एकच: मुख्य मशीन थांबवा आणि पुन्हा स्टार्ट द्या, म्हणजे सगळे समेवर येतील. हे लोकांसमोर कसं करायचं? मी कीबोर्डवर एक लांब स्वर धरून ठेवतो, ड्रम म्यूट करतो, दोन-तीन सेकंद तसेच जाऊ देतो, मग स्टॉप आणि स्टार्ट. लोकांना वाटतं आता काहीतरी येणार. टाळ्या पण पडतात.

तर कारभारी एक. मी तो मान ड्रम मशीनला देतो. टेम्पोचं बटण हाताशी असतं, आणि ते थांबलं तर मला लगेच ऐकू येतं. काही जण कीस्टेपला देतात, तेही चालतं. कुणाला द्यायचं यापेक्षा एकालाच द्यायचं हे महत्त्वाचं. टीआर-८एसच्या मिडी आउटमधून वायर काढा आणि कीस्टेपच्या मिडी इनमध्ये घाला. कीस्टेपच्या मिडी आउटमधून पुढे थ्रू बॉक्स (आलेला निरोप जसाच्या तसा अनेक तोंडांतून पुढे देणारी डबी), आणि तिथून एक वायर व्होल्काला, एक कीबोर्डला. थ्रू बॉक्स नसेल तर काकांच्या कीबोर्डच्या मागे 'थ्रू' लिहिलेलं भोक आहे का बघा. जुन्या कीबोर्डना बऱ्याचदा असतं. असलं तर कीस्टेपमधून कीबोर्ड आणि कीबोर्डच्या थ्रूमधून व्होल्का, काम झालं. व्होल्का कायम शेवटी ठेवा, कारण त्याला मिडी आत जायला जागा आहे, बाहेर पडायला नाही.

आता खरा संशय. कीस्टेपच्या पाठीमागे दोन बारीक खटके आहेत, नखाने सरकवायचे. त्यांच्या चार स्थिती होतात: स्वतःच्या क्लॉकवर चाल, यूएसबीचं ऐक, मिडीचं ऐक, सिंकच्या भोकाचं ऐक. तुम्ही कधीतरी तो लॅपटॉपला जोडला असणार, खटके यूएसबीवर राहिले असणार आणि तुम्ही विसरला असणार. मी स्वतः हे दोनदा केलंय. पॅनेलवर कुठेही याचा दिवा लागत नाही, म्हणून माणूस तासभर वायरी बदलत बसतो. मिडीवर घ्या. मग त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका, म्हणजे कुणाचं बोट लागणार नाही.

दुसरं, चॅनल. मिडीच्या एका वायरीत सोळा चॅनल असतात आणि कारखान्यातून आलेली बहुतेक मशिनं एक नंबरवर असतात. तुम्ही कीबोर्डसाठी कीस्टेपवर सूर छेडला की व्होल्काही तोच सूर खालच्या पट्टीत बडबडायला लागतो. ड्रम १० वर, व्होल्का २ वर, कीबोर्ड ३ वर असं काहीतरी ठरवा आणि कागदावर लिहून टीआरच्या खाली चिकटवा. व्होल्काचा बास व्होल्कातच भरलेला असू द्या. त्याला बाहेरून फक्त लय आणि सम मिळाली की पुरे. कीस्टेपने कीबोर्ड सांभाळावा. अशाने तुमचे हात मोकळे राहतात, आणि चाळीस मिनिटं लोक तुमचे हातच बघणार आहेत.

आता घूं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज आहे की कीस्टेप आणि व्होल्का तुम्ही बारीक सिंक वायरीने जोडलेत, ती साडेतीन मिलिमीटरची. ती वायर सोपी पडते, स्वस्त पडते, आणि दोन्ही दुखणी तीच देते. एक म्हणजे तिच्यातून नुसते ठोके जातात, समेचा निरोप वेगळा जात नाही. शिवाय ठोक्यांचा हिशेब दोन्हीकडे एक असावा लागतो. व्होल्का दोन खान्यांना एक ठोका धरतो, आणि कीस्टेप वेगळ्या मापाने पाठवत असेल तर बास दुप्पट पळेल किंवा अर्ध्यावर रेंगाळेल. दुसरं म्हणजे त्या वायरीने दोन्ही मशिनांचं ग्राउंड एकत्र होतं. कीस्टेप तुम्ही मोबाइलच्या चार्जरवर चालवत असाल, तर त्या चार्जरची किरकिर सरळ व्होल्काच्या आवाजात उतरते. पाच पिनांच्या मिडीत हे होत नाही. तिथे घेणाऱ्या मशीनच्या तोंडाशी ऑप्टोकपलर असतो. आत एक इवलासा दिवा लुकलुकतो आणि समोरचा डोळा ते बघतो. निरोप प्रकाशाने पोचतो, वीज पलीकडे जात नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या माणसांनी हे डोकं लावलंय. सिंक वायर काढा, मिडी लावा आणि व्होल्काला दोन्ही एकदम लावू नका.

एवढं करूनही घूं राहिली तर ती आवाजाच्या वायरींतून येतेय. कीबोर्ड एका बोर्डावर, मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या बोर्डावर, दोघांचं अर्थिंग वेगळ्या वाटेने, की घूं आलीच. स्टेजवरचं सगळं एकाच एक्स्टेंशनवर घ्या, आणि कीबोर्डपासून मिक्सरपर्यंत मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी डबी) टाका, ज्याला ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे आवाजाच्या वायरीतलं ग्राउंड तोडायचा, खटका आहे असा. मांडवात एखादा हौशी माणूस येऊन सांगेल, "प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, घूं जाते." जाते खरी. पण मैत्रीण माइकला ओठ लावून गाणार आहे, कुठे बिघाड झाला तर शॉक तिला बसेल. अर्थिंगला हात लावू द्यायचा नाही, मग घूं आली तरी चालेल. आणि घरगुती इन्व्हर्टरवर कधीही भरवसा ठेवू नका. स्वस्तातल्या इन्व्हर्टरची लाट चौकोनी निघते, त्यावर अडॅप्टर भुणभुणतात.

अडॅप्टरवरून आठवलं. व्होल्काला ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन अधिक. गिटारचे पेडल बहुतेक ९ व्होल्टचेच, पण मधली पिन उणे. तोंडं वेगळी असल्याने चुकून एकमेकांत जात नाहीत, पण टोकं बदलायचा तो बाजारी अडॅप्टर असतो ना, त्यात सगळं जातं, धूरसुद्धा. व्होल्का सहा पेन्सिल सेलवर चालतो. स्टेजवर मी सेलच घालतो. एक अडॅप्टर कमी, एक घूं कमी.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुमची तीच होणार आहे. एका लग्नाच्या संगीताला मी पहिल्यांदा व्होल्का नेला. त्याला लाइन आउट नाही, हेडफोनचं एकच भोक. मी छानपैकी वायर करून नेली होती: एका टोकाला बारीक स्टीरिओ जॅक, दुसऱ्या टोकाला मोठा, त्यावरही दोन काळ्या रेघा. स्टेजवरच्या, मिक्सरकडे वायरी नेणाऱ्या बॉक्सात घातली. हेडफोनमध्ये बास दणदणीत होता, बाहेर मात्र फक्त खसखस. साउंडवाल्याने गेन वाढवला, खसखस वाढली. चॅनल बदलला, वायर बदलली, तीच खसखस. लांबून तो ओरडला, "काय बे, ह्यात बासच नाय की!" वीस मिनिटं गेली. नवरीकडची माणसं येऊन बसली.

कारण असं. व्होल्का मोनो आहे, हेडफोनच्या दोन्ही कानांना तो एकच आवाज देतो. मिक्सरचं बॅलन्स्ड तोंड मात्र जॅकच्या टोकावरच्या आवाजातून मधल्या कड्यावरचा आवाज वजा करतं. वाटेत शिरलेला गोंगाट त्याने गळावा म्हणून ती सोय आहे. मी दोन्हींवर एकच आवाज दिला. पाचातून पाच गेले, उरलं शून्य. खसखस तेवढी राहिली. आता माझ्या पिशवीत स्टीरिओचं एक टोक आणि मोनोची दोन टोकं असलेली वायर असते. त्यातलं एकच टोक लावतो, दुसऱ्याला टेप गुंडाळलेली. तुम्हीही तीच घ्या.

साउंडवाल्याशी आधी बोलून घ्या. सगळं मोनो द्या. डावीकडे हायहॅट, उजवीकडे सिंथ असं घरी हेडफोनमध्ये फार सुंदर वाटतं, पण हॉलच्या डाव्या बाजूला बसलेल्यांना सिंथ ऐकूच येणार नाही. दोन चॅनल मागा: एक ड्रम, एक बाकीचं सगळं. आणि तुमच्याजवळ, हाताच्या अंतरावर मॉनिटर, म्हणजे तुमच्यापुरता स्पीकर, हवा. मोठे स्पीकर दहा मीटर पुढे असतील तर त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळपास ३० मिलिसेकंद लागतात. मशीनला त्याचं काही नाही. पण तुम्ही हाताने पॅड वाजवत असाल तर त्या उशिराने आलेल्या आवाजाशी जुळवायला जाल आणि दर आवर्तनाला थोडे थोडे मागे सराल.

मैत्रिणीच्या गाण्यांबद्दल. तिची पट्टी आत्ताच विचारा. तुम्ही सगळं पांढरी एकमध्ये भरलंय आणि ती काळी चारमध्ये गाते, हे गॅदरिंगच्या दिवशी कळून उपयोग नाही. सीक्वेन्स वर-खाली सरकवता येतो, पण व्होल्काचा बास आठ अर्धस्वर वर नेला की त्याची जाडी जाते. अशा वेळी मी चार खाली सरकवतो, काळी चारच मिळते. पांढरी एकवरून वरच्या काळी चारला आठ, खालच्या काळी चारला चार. तरी सगळं ऐकून ठरवा. व्होल्काचे ऑसिलेटर अ‍ॅनालॉग आहेत, त्यांचा सूर तापमानाने हलतो. हॉलमध्ये फारसं जाणवणार नाही. पण उद्या मे महिन्यात उघड्या मैदानावर वाजवायची वेळ आली तर दुपारी चारला, ४२ डिग्रीत जुळवलेला सूर रात्री आठला तिथे नसेल. वीस मिनिटं आधी चालू करून ठेवा आणि गाणं सुरू होण्याआधी कीबोर्डच्या 'सा'शी एकदा कान लावा.

तिचं एखादं गाणं दादऱ्याच्या अंगाचं असेल तर आणखी एक खाच आहे. मशीन सोळा खान्यांचं, ठेका सहाचा. पॅटर्नची लांबी बारा करा, एका मात्रेला दोन खाने. पण ती सगळ्या मशिनांवर करा! ड्रम बारावर आणि बास सोळावर राहिला तर दोघं थेट ४८ खान्यांनंतर समेवर भेटतात. मुद्दाम केलं तर मजा येते, मी करतो कधी कधी. चुकून झालं तर गाणारी माणसं मागे वळून बघतात.

चाळीस मिनिटांचा आराखडा मी असा करतो: सहा-सात पॅटर्न, प्रत्येकाचा शेवट चार आवर्तनांत करता येईल असा. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आहे. सरकार वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त १५, मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण तुमचं गॅदरिंग त्यात बसण्याची शक्यता कमी. आधीची नाटुकली लांबली की तुमची चाळीस मिनिटं पंचवीस होतात. कुठूनही शेवटाकडे जाता आलं पाहिजे. आणि सगळं सेव्ह करा. संध्याकाळी लाइट गेली आणि आली की न साठवलेलं सगळं गेलेलं असतं.

मग खरेदी काय? थ्रू बॉक्स, डीआय बॉक्स, चार चांगल्या मिडी वायरी, ती फाटा असलेली वायर, सहा सेल. पुढेमागे बारीक भोकाची मिडी असलेलं एखादं मशीन घेतलंत तर अडॅप्टर केबल कोणत्या प्रकारची हे दुकानातच विचारा. ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. २०१८ पासून ए प्रमाण ठरलाय आणि कोर्गचा तोच, पण आर्टुरिया आणि नोव्हेशनच्या जुन्या काही मशिनांवर बी आहे. चुकीची लावली तर काही जळत नाही, फक्त काहीच वाजत नाही. टेबलावर मात्र घरची चादर घाला, जुनी, जाड. मशिनं सरकत नाहीत, आणि कार्यक्रम संपला की त्यातच गुंडाळून नेता येतात.

आता उठा आणि कीस्टेपच्या मागचे ते दोन खटके बघा. कोणत्या बाजूला होते ते मला कळवा, आणि काकांच्या कीबोर्डला थ्रू आहे की नाही तेही. त्यावरून पुढची वायर कुठून काढायची ते सांगतो.